कर्नलला लावलेलं खोबरेल

१७ मार्च १९६३, रविवार

आज चहात केस. कालही होता. परवा डाळीत होता, पण डाळ दाट होती म्हणून तक्रार नोंदवली नाही. आजपासून नोंदवते.

अर्जदार : मी. वय सत्तेचाळीस, मुलींच्या शाळेत मराठी आणि भूगोल, राहणार मालवण, मेढा, घरात एकटी. आजवर कुणाच्याही चहात माझा केस गेलेला नाही. प्रतिवादी : कर्नल. त्याचे केस पुढील ठिकाणी सापडले : कपबशी, उशी, शाईची दौत, आठवीचे चाचणीचे पेपर, देवापुढची वात. वात तर निम्मी त्याचीच असावी, जळताना तसा वास आला. पेपरांचं म्हणाल तर शिंदेबाईंच्या वर्गातली एक मुलगी केसावरून लाल शाई फिरली म्हणून एक गुण जास्त घेऊन गेली. कृपया दाद मिळावी. दाद देणारं घरात कुणी नाही, त्यामुळे अर्ज रोजनिशीत.

कुत्रा माझा नाही. धाकट्या भावाचा, दत्तूचा. दत्तू फौजेत हवालदार आणि कुत्रा कर्नल, यावरूनच घराण्याची अक्कल कळावी. संक्रांतीला रजेवर आला तो हे धूड घेऊन. हिमालयात मेंढपाळांकडून पिल्लू घेतलेलं. आता त्याला जिथे पाठवलंय तिथे कुत्रं नेता येत नाही. "ताई, तुला सोबत होईल." मला सोबत हवी हे कुणी ठरवलं? जाताना म्हणाला, रोज विंचर. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

यापुढे क. एवढंच लिहीन. रोज पूर्ण हुद्दा लिहायला शाई माझी आहे.

१९ मार्च, मंगळवार

शेजारचे आप्पा कुंपणावर. मुंबईच्या कचेरीत तीस वर्षं काढून आलेले, त्यामुळे जगातल्या सर्व विषयांवर शुद्ध मराठीत मत. निदान : "उष्णता. तुम्ही त्याला तेल लावत नाही का?"

खरंच की. आमच्याकडे केस गळायला लागले की एकच औषध. आईने मला लावलं, मी दत्तूला लावलं, दत्तूच्या डोक्यावर आज काय उरलंय ते सोडा. घाण्याचं ताजं खोबरेल होतंच. डोक्यापासून शेपटीपर्यंत, आई लावायची तसं, गोल गोल चोळून, मुळांशी. पाऊण शेर गेलं. क. डोळे मिटून उभा. मग शिकेकाईचं कढत पाणी, पुन्हा गोल गोल. पुसायला दोन जुनी लुगडी.

पुसल्यावर मागच्या वाडीत माडाखाली वाळूत लोळला. नारळाची सोडणं सोलून पडली होती, त्या भुशातही लोळला. लोळू दे म्हटलं, वाळेल.

फार तकतकीत दिसतो. आप्पा : "आता कसा माणसात आला!"

२४ मार्च, रविवार

केस गळणं बंद! चहा स्वच्छ. दौत स्वच्छ. दत्तूला पत्र टाकलं, थोडं फुशारकीचंच. तुझ्या पहाडी लोकांना जे जमलं नाही ते मालवणच्या खोबरेलाने एका दुपारात केलं वगैरे. आप्पांनाही श्रेय दिलं. लिहिताना हात जरा जड झाला.

३१ मार्च, रविवार

क. उजव्या कानामागे सारखा खाजवतो. हात घालून पाहिलं तर बोटं आतच जाईनात. वर केस मऊ, खाली काहीतरी काथ्याच्या पायपुसण्यासारखं, कातड्याला चिकटून. मान, काखा, मांड्या, पोट, सगळीकडे तेच. फणी लावली, तीन दाते गेले. फणी आईची होती.

केस गळायचे थांबले नव्हते. गळून आतल्या आत अडकले होते. तेलात वाळू, वाळूत सोडणाचा भुसा, आणि वरून माझे गोल गोल हात. पायपुसणं असंच तर करतात.

भूगोल शिकवते म्हणून नकाशा काढला. कुत्र्याची बाह्यरेषा, गाठी जिथे तिथे काळे ठिपके. चाळीसपर्यंत मोजून पेन्सिल ठेवली.

३ एप्रिल, बुधवार

दत्तूचं पत्र. माझं पोचायच्या आधीच टाकलेलं, वाटेत कुठेतरी बसून राहिलेलं. जसंच्या तसं :

"ताई, मार्च लागला की त्याची आतली लोकर सुटते. न विंचरता पाणी घालू नकोस आणि तेल तर चुकूनही नको, लोकरीचा नमदा होतो, थापलेल्या घोंगडीसारखा घट्ट. वरचे राठ केस म्हणजे त्याची छत्री, आतली लोकर म्हणजे रजई. उन्हाळ्यात रजई तो स्वतःच टाकतो, तू फक्त विंचरून बाहेर काढायची. छत्रीला कात्री लावू नकोस. मग ऊन आत, पाणी आत, आणि परत पहिल्यासारखे केस येतीलच असं नाही. पावसाच्या आधी आतलं सगळं साफ हवं. ओला नमदा अंगाला राहिला तर खालचं कातडं कुजतं. आमच्या इथे एक याच्यापेक्षा दांडगा होता, तो असाच गेला. आठ दिवसांत. तू आहेस म्हणून काळजी नाही."

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात. मेचा शेवट धरून चालते. दोन महिने.

७ एप्रिल, रविवार

आप्पांना पत्र वाचून दाखवलं. चूक माझी.

"अहो, हिमालयातले नियम मालवणात कसे चालतील? या उकाड्यात लोकरीचा कोट घालून तुम्ही बसाल? भादरून टाका. बाबलला पाठवतो."

पाठवलाच. बाबल न्हावी वस्तरा, वाटी, सगळं घेऊन दारात. क.कडे पाहिलं, मग आप्पांकडे. "बाई, ह्याच वस्तऱ्यान उद्या आप्पांची दाढी करूची आसा. चलात?" आप्पा कुंपणावरून नाहीसे.

तरी मी डळमळले. खरं सांगायचं तर दोन तास घालवून एक गाठ सुटली होती, तीही निम्मी. बाबलला म्हटलं, तळहाताएवढा तुकडा काढ, पाठीवर, बघू. कात्रीने काढला, वस्तरा वाचला. खालचं कातडं गुलाबी, तान्ह्या पोराच्या टाळूसारखं. क.ने मान वळवून त्या जागेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

९ एप्रिल, मंगळवार

तो तुकडा दोन दिवसांच्या उन्हात लाल. आज फोड. माश्या बसतात म्हणून माझा जुना परकर पाठीवर बांधला. गल्लीतल्या पोरी : "बाईंच्या कुत्र्याक न्हाण इला!"

दत्तू बरोबर होता. एका तळहाताच्या किमतीत कळलं, स्वस्त पडलं. पण किंमत दिली क.ने.

निश्चय : कात्री नाही. फणी, बोटं, आणि मी. ज्या बाईने केलं तिनेच सोडवायचं.

१३ एप्रिल, शनिवार

शाळेतून आले की चार ते सहा. गाठ धरायची, ओढायची. क. गुरगुरतो. आज दात लावले, चावला नाही, फक्त मनगट तोंडात धरून ठेवलं, आमच्या मुख्याध्यापिका सही करायच्या आधी कागद धरून ठेवतात तसं.

कानामागे ओल. वास येतो. केस बाजूला करता येत नाहीत म्हणून जखम किती ते दिसतही नाही. ढोरांच्या डॉक्टरला विचारलं. म्हणाला, म्हशीला असं होत नाही. मग म्हणाला, हळद लावा. खोबरेलात.

१४ एप्रिल, रविवार

एकही गाठ सुटली नाही.

२० एप्रिल, शनिवार

आठवडाभर पेपर तपासणं. क.ला हात नाही. तो आता मी मागच्या पडवीत आले की उठून जातो. फणी न घेता आले तरी जातो.

रात्री पडवीत धापा टाकत बसतो. उकाडा भयंकर. आप्पा मोठ्याने, मला ऐकू जाईल असं बायकोला : "हट्ट हट्टाच्या जागी. मुका जीव आहे." वाईट याचं वाटलं की त्यात खोट काढता येईना.

२९ एप्रिल, सोमवार

आज क.ला जवळजवळ पाठवून दिलं होतं. लिहून ठेवते.

आप्पांचे मावसभाऊ आंबोलीला, घाटात चहाचं दुकान. "थंड हवा, मोकळं रान. तुम्हीही सुटाल." सुटाल हा शब्द बरोबर लागला. सकाळी क.ला दोरी बांधून मोटार स्टँडवर गेले. आप्पा चिठ्ठी घेऊन बरोबर. कंडक्टर म्हणाला, पिशवीत मावत असेल तर घेतो. आप्पा त्याच्याशी कायद्याचं बोलायला लागले. गाडी अर्धा तास उभी. मी बाकावर बसून आंबोलीचा विचार केला. आंबोलीत जूनमध्ये वाळत घातलेलं लुगडं दिवाळीला वाळतं. दगडावर शेवाळ, भिंतीवर शेवाळ, माणसं एका जागी फार वेळ उभी राहिली तर माणसांवरही चढेल. त्या पावसात हा ओला नमदा अंगावर घेऊन हा उभा राहणार, दुकानाच्या दारात, आणि आप्पांचे मावसभाऊ म्हणणार, थंड हवा.

आठ दिवसांत, असं दत्तूने लिहिलंय.

कंडक्टर शेवटी "चढवा" म्हणाला. मी म्हटलं, नको.

आप्पा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तेवढाच दिवसातला फायदा.

२ मे, गुरुवार

मोठी गोष्ट घडली. नीट लिहिते.

सुट्टी लागली. सकाळीच पडवीत बसले होते, क.ला गुडघ्यात दाबून, डाव्या काखेतली गाठ ओढत. क. विव्हळत होता. अकराच्या सुमारास येसू आली. दांडीच्या किनाऱ्यावरची कोळीण, दहा वर्षं माझ्या दारी मासे घालते, भावात एक पैसा सोडत नाही. टोपली उतरवायची राहिली.

"अगे बाई, ह्यां काय चललाहा? कुत्र्याक विंचरतास काय मारतास?"

सांगितलं. तेल, शिकेकाई, सगळं. तेल ऐकून ती हसली नाही, हे तिच्या नावावर जमा.

टोपली ठेवली, पदर खोचला, बसली. "गाठ वडूची नसता. जाळा गुंताडला काय कोण मधी धरून वडता? फाटतला मा. गुंत्याक तोंड आसता, ता पयला गावाक होया."

कमरेला जाळं विणायची बांबूची चपटी सुई होती. तिचं टोक गाठीच्या बाहेरच्या कडेला, अगदी शेंड्याकडे घातलं. मी महिनाभर मुळाशी घालत होते. एका हाताने गाठीखालचे केस कातड्याजवळ घट्ट धरले, म्हणजे ओढ कातड्याला लागू नये, आणि दुसऱ्या हाताने सुईने चार केस सोडवले. पुन्हा चार. ओढलं एकदाही नाही. गाठ वळवायची, दुसऱ्या बाजूने बघायची, तोंड शोधायचं, चार केस. तोंडाने काहीबाही बोलत होती, क.शी की गाठीशी ते कळलं नाही. क. आधी ताठ, मग हळूहळू त्याची मान खाली आली आणि तिच्या पायावर टेकली.

तेल सुकलंय, हात निसटतो, म्हणून म्हणाली तांदळाची पिठी हाडा. पिठी गाठीत चोळली, तेल पिठात उतरलं, झाडून टाकलं. पाऊण तासात गाठ उघडली. आत मूठभर भुरकी लोकर, सुटी, मेलेली, फणीने अशी निघून आली जशी साय. खाली कातडं. कोरडं, चांगलं.

 रडले असते, पण ते येसूला आवडलं नसतं.

पैसे पुढे केले. "माका? कुत्र्याचे पैशे? दांड्यार लोक काय म्हणतीत?" बांगडे मात्र नेहमीच्या भावाने विकून गेली.

५ मे, रविवार

येसू रोज येते. मासे संपवून, दुपारची. चहा घेते, त्यात दोन चमचे साखर जास्त. मी एका बाजूला, ती दुसऱ्या. ती चार गाठी करते तोवर माझी एक. बांबूची दुसरी सुई आणून दिली, "ही मोडली तर माका सांगू नकात, जयरामाक सांगा," जयराम म्हणजे नवरा, त्याने तासलेली.

आप्पा कुंपणावर : "काय येसू, आता कुत्र्यांची न्हावीण झालीस? आणि या महागाईत तांदळाची पिठी कुत्र्याच्या अंगाला!"

"आप्पानू, तुमच्या डोक्यार केस आसते तर तुमचेय सोडयले आसते. फुकट."

नकाशावरचे अकरा ठिपके खोडले.

९ मे, गुरुवार

हाताला कळायला लागलं. तोंड म्हणजे काय ते सांगता येत नाही, पण बोटाला लागतं. आज येसूच्या आधी माझी गाठ सुटली. तिने पाहिलं, "हूं" म्हणाली. बी. टी. च्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

क. आता फणी पाहून येतो. येतो आणि ज्या बाजूला काम हवंय ती बाजू वर करून पडतो.

पाठ पूर्ण. मान पूर्ण. वरच्या केसांतून वारा आत जाताना दिसतो. धापा कमी. आप्पांनी दोनदा पाहिलं, कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

कानामागचं राहिलंय. येसू म्हणते ता शेवटाक.

१२ मे, रविवार

जयराम तापाने पडलाय, येसूने सहज सांगितलं. मी म्हटलं, मग येऊ नकोस. "घरात बसान काय करू? तो झोपता, मी त्येच्या तोंडाकडे बघत ऱ्हवू?" आली.

मागचे पाय. बारीक, ओंगळ गाठी. तीन तास.

१४ मे, मंगळवार

आज कान. येसू आणि मी दोघी. आधी कोमट पाण्याचा बोळा, मग पिठी नाही, नुसती सुई. क. थरथरत होता पण उभा राहिला. साडेचारला शेवटचं तोंड गावलं. गाठ निघाली ती ओली, काळी, वास मारणारी. खाली रुपयाएवढी जखम, लाल, कडा पांढऱ्या.

येसूने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "वायच उशीर झालो." दोष मला दिला नाही. पण झालाच. त्याचा हिशोब तेलाच्या दिवसापासून लागतो.

ती उठली तेव्हा दांडीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. क्षणभर थांबली, मग टोपली घेऊन गेली. रोजच्यापेक्षा भरभर.

१५ मे, बुधवार

येसू आली नाही. दुसरी कोळीण आली. येसू कुठे विचारलं, तर हिच्या तोंडून सगळं बाहेर.

"येसू? ती कुत्र्याच्या पाठी लागान वाटो घालवन बसली. काल सांजेक रापण लागली. पेडव्यांची रास पडली रास. जयराम तापान आडवो, घरातना एक तरी हात दोरयेर होयो मा? ही खंय? ही तुमच्या पडवीत!"

रापणीचा नियम मालवणात लहान पोरालाही माहीत. होडी समुद्रात जाळं गोल टाकून येते, दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि जो दोराला हात लावतो त्याला वाटा. ज्याच्या घरचा हात नाही त्याला नाही, मग घरात ताप असो की लग्न असो. हंगामाचे शेवटचे दिवस. यानंतर ऑगस्टपर्यंत काही नाही. त्या आरोळ्या कसल्या होत्या ते आता कळलं. तिला तेव्हाच कळलं होतं.

मी त्याच वेळी तिला म्हणत होते, कान हळू धर.

१६ मे, गुरुवार

येसू आली, जसं काही झालंच नाही. क.चा कान आधी पाहिला, मग चहा.

मी विषय काढला.

"खंयचो वाटो? रापण रोज येता, रोज जाता."

"रोज कुठे येते? हंगाम संपत आला."

"बाई, तुमी शाळेत शिकयतास ता बरा. दर्याचा माका सांगू नकात."

संपलं. जयरामाचा ताप उतरला नाही. विचारल्यावर हातानेच सांगितलं, तसाच.

१८ मे, शनिवार

जखम : सकाळी कोरडी वाटली. दुपारी पुन्हा ओल. कडुनिंबाच्या पाण्याने धुते, कापूस, हळद कोरडी. कान वर करून बांधते, वारा लागावा म्हणून, मग क. एका बाजूने शहाणा आणि एका बाजूने चकित दिसतो. बाकी अंग साफ. नकाशावर एकच ठिपका, डाव्या जांघेतला, बारीक. आणि ही जखम, ती नकाशात नव्हती.

दत्तूला पत्र लिहिलं. तेलाचं खरं ते लिहिलं. तीन कागद फाडले, कारण पहिल्या तिन्हीत ते विनोदी झालं होतं. विनोद केला की माझा दोष निम्मा होतो, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे आणि त्यावर माझं बऱ्यापैकी नाव झालंय. चौथ्यात साधं लिहिलं. जखम अजून भरलेली नाही, पावसाला पंधरा दिवस, मी बघते आहे. एवढंच.

किल्ल्याच्या पलीकडे संध्याकाळी काळं दिसलं. आप्पा म्हणाले, यंदा लवकर. ते दरवर्षी म्हणतात.

१९ मे, रविवार

पहाटे क.चा कान पाहिला. कडा आत सरल्यासारख्या वाटतात. वाटतात, असं लिहिते. मधे अजून लाल आहे. बोट लावू दिलं, दचकला नाही. जांघेतली गाठ राहू दिली, ती येसूच्या सुईची.

सहाला पडवी बंद करून दांडीवर गेले. लुगडं वर खोचलं. समोरून ओळखीचे लोक येत होते, त्यांच्या मुलींना मी नकाशा शिकवते. रापण लागत होती, होडी परत फिरली होती, दोर किनाऱ्याला आले होते. मी डाव्या दोराच्या शेवटी जाऊन उभी राहिले आणि धरला.

दोन-चार माना वळल्या. मग पुढून एकजण : "बाई, हजेरी घेवक इलास?"

दुसरा : "गप रे मेल्या, भूगोल शिकयतली. समुद्र खंय आसा ता दाखयतली."

"बाई, दोरी धरल्यार मधीच सोडूची नाय हां. पेपर न्हय ता."

सोडली नाही. दीड-दोन तास. काथ्याचा दोर, ओला, मिठाचा. पहिल्या अर्ध्या तासात तळहात गेले, मग हाताने नाही तर पाठीने ओढायचं असतं हे मागच्या म्हाताऱ्याने एका शब्दात सांगितलं. दोर यायचा, मागे सरायचं, शेवटच्याने सोडून पुन्हा पुढे पाण्यात जाऊन धरायचं. पाच वेळा पाण्यात गेले. जाळं जवळ आलं तसं पाणी पांढरं झालं, उड्या. पेडवे, थोड्या तारल्या, चार-दोन बांगडे. मंगळवारच्यापेक्षा कमी म्हणे. मला भरपूर वाटले.

वाळूत वाटे पडले. तांडेलाने, रापणीच्या म्होरक्याने, माझ्याकडे पाहिलं, हसायचं आवरून विचारलं, "हो वाटो खंयच्या नावान?"

"जयरामाच्या."

त्याने मान हलवली आणि एक ओंजळ वर टाकली. का टाकली ते मी विचारलं नाही.

येसू बाजारात गेली होती, हे मी आधी बघून ठेवलं होतं. तिच्या झोपडीचं दार ओढलेलं, आत जयराम झोपलेला, श्वास ऐकू येत होता, शांत, पण ताप होता की उतरला ते बाहेरून कसं कळणार. दारापाशी तिची रिकामी टोपली उपडी होती. सुलटी केली. पेडवे ओतले. परसातलं केळीचं पान फाडून वर झाकलं, मांजरांसाठी एक दगड ठेवला, आणि कुणी नाव विचारायच्या आत मागच्या वाटेने घरी आले.